विचाराधीन विहीर

मी नगरपालिकेत हेडक्लार्क होतो असं सांगितलं की लोक दोन गोष्टी विचारतात. एक, घरपट्टी कमी करून मिळेल का. आणि दुसरी, नगरपालिका नेमकं करते काय. पहिल्या प्रश्नाला निवृत्त झाल्यापासून मी निर्धास्तपणे 'नाही' म्हणतो. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबलचक आहे, पण संपादकांनी पानं मोकळी सोडली आहेत, म्हणून लिहायला बसलो.

गावाचं नाव लिहीत नाही. वाचकांनीही ओळखायच्या फंदात पडू नये. किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला हे आपलंच वर्णन वाटेल आणि दिवाळीच्या दिवसांत उगाच भांडणं लागतील. आज ज्याला सिंधुदुर्ग जिल्हा म्हणतात तो तेव्हा नव्हता. पन्नास-साठच्या काळात आम्ही रत्नागिरी जिल्ह्याच्या शेपटाकडचे. रत्नागिरीहून निघालेला कागद खारेपाटणची खाडी ओलांडून आमच्या टेबलावर येईपर्यंत त्यातला विषय बहुतेक वेळा आपोआप मिटलेला असायचा. अर्जदार तरी मेलेला असायचा, नाहीतर साहेब बदललेला. त्यामुळे आमचं गाव बऱ्यापैकी स्वतंत्र होतं असं म्हणायला हरकत नाही.

हेडक्लार्कचं मुख्य काम म्हणजे सभेचं प्रोसीडिंग लिहिणं. सभासद सभेत बोलत, आणि त्यातलं ते काय बोलले हे मी ठरवत असे. एकमेकांच्या आजोबांच्या भानगडींपर्यंत पोचलेली तासाभराची चर्चा मी 'साधकबाधक विचारविनिमय झाला' एवढ्यात आटोपायचो. ज्याच्यावर खुर्ची उगारली गेली त्याचं नाव 'सूचक' म्हणून, आणि ज्यानं उगारली त्याचं 'उपसूचना मांडणारे' म्हणून. काम व्हायला हवं असेल तर ठराव तोकडा लिहायचा: कोणी, काय, कधी. व्हायला नको असेल तर ऐसपैस लिहायचा आणि त्यात 'यथावकाश', 'योग्य ती' आणि 'शक्य तितक्या' असे शब्द पेरून ठेवायचे. सभासदांना यातलं काही कळत नसे. ते माझी भाषा फार गोड आहे म्हणत.

सभा दुपारी तीनला असे. कोरम भरेपर्यंत चार वाजत. उघाडीच्या दिवसांत मुंबईची बोट साधारण पाचच्या सुमारास बंदरात यायची, आणि तिचा भोंगा वाजला की सभागृहातल्या खुर्च्या रिकाम्या होत. कोणाचा मुलगा उतरला, कोणाची ट्रंक किती जड आहे, जावई एकटाच आला की बायकोसह, हे सगळं नगरपित्यांनी जातीनं पाहिल्याशिवाय गावाचं चालत नसे. कोरम मोडला म्हणून सभा तहकूब. तेव्हा चार ते पाच एवढ्या वेळात जो काय कारभार झाला तो झाला. पावसाळ्यात बोट बंद असे, पण तेव्हा सभासदच घराबाहेर पडत नसत.

अशा या सभेपुढे खाजणवाडीच्या विहिरीचा विषय आला. तो कसा आला, हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण तो मीच आणला. आणि मीच बुडवलासुद्धा.

खाजणवाडी म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेली मच्छीमारांची वस्ती. वीस-बावीस घरं. दोन्हीकडे खारं पाणी, आणि वस्तीत जे दोन खड्डे होते त्यांतलं पाणी शिमग्यानंतर तोंडात धरवत नसे. गोड्या पाण्याची विहीर एकच, ती बापू खोतांच्या माडाच्या बागेत. बापू खोत म्हणजे त्याच वॉर्डातून निवडून आलेले आमचे सभासद. वाडीतल्या बायका त्यांच्या विहिरीवरून पाणी नेत, आणि निवडणूक आली की वाडीतले पुरुष त्यांना मतं देत. हा व्यवहार पिढीजात होता आणि त्यात कोणाची तक्रार नव्हती. वैशाखात मात्र माडांना पाणी कमी पडतं म्हणून बापू बागेच्या बेड्याला, म्हणजे फाटकाला, कुलूप लावायचे. मग वाडीतल्या बायका घाटी चढून, देवळामागच्या तळीवरून, दोन मैलांवरून पाणी आणायच्या. बापू त्यांना वाटेत भेटले तर सहानुभूतीनं विचारपूस करत.

मथुरा ही त्यांतलीच एक. मासे घेऊन रोज आमच्या आळीत यायची, वयानं माझ्या थोरल्या वहिनीएवढी, म्हणून मी तिला मथुरावयनी म्हणायचो. नवरा गेलेला. सदा नावाचा एक मुलगा, होडीवर जायचा, चांगला हाडापेरानं मजबूत. एका रविवारी ती माशांची पाटी उतरवून माझ्या ओटीवर बसली आणि अर्ज लिहून द्या म्हणाली.

"कसलो अर्ज?" मी विचारलं.

"बावीचो. सदाचा लगीन अडलां हा."

विहीर आणि लग्न यांचा संबंध मला लागेना, तेव्हा तिनं सांगितलं. देवबागच्या एका तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या म्होरक्याची, मुलगी सदाला सांगून आली होती. मुलगा पसंत, घर पसंत. तांडेल घर बघायला आला तो नेमका वैशाखात. त्यानं वाटेत घाटी उतरणाऱ्या बायका पाहिल्या, डोक्यावर दोन दोन कळश्या घेतलेल्या, आणि ओट्यावर बसून त्यानं सरळ सांगितलं, "आमच्या देवबागाक दोनय बाजूक खारां पाणी, पण बावीचा पाणी गोडां. माझ्या चेडवान हंय येवन जल्मभर दोन मैल कळशी व्हावची काय? बाव होवंदे, चेडू तुमचाच."

येत्या तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो, असा त्यानं शब्द दिला. मथुरेला तो फार उदार वाटला. सहा महिन्यांत नगरपालिका एक विहीर नक्की खणील, असं तिला वाटत होतं. ती लिहा-वाचायला शिकलेली नव्हती, त्याचा हा परिणाम.

मी अर्ज झकास लिहिला. 'आम्ही खाली अंगठे उठवणारे' इथपासून सुरुवात करून 'मायबाप नगरपालिका' इथं शेवट. वाडीतल्या सगळ्या बायकांचे अंगठे तिनं दोन दिवसांत आणले. मी मथुरेला सांगितलं की काम होईल, काळजी करू नका. बुधवारी मी ऑफिसात तोच अर्ज स्वतःच स्वीकारला, त्याच्यावर आवक नंबर घातला, आणि त्यावर कार्यालयाचा अभिप्राय लिहायला घेतला. अर्ज सभेपुढे जायचा तर त्यावर हेडक्लार्कचा अभिप्राय लागतो. सभासद अर्ज वाचत नाहीत, फक्त अभिप्राय वाचतात.

त्या वेळी बापू खोत माझ्या टेबलासमोर बसलेले होते. गुडघेदुखीवर बोलत होते. मध्येच त्यांची नजर अर्जावर गेली. रागावले नाहीत, आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, "पाणी आसा मा थंय? तसां लिव."

आणि मी लिहिलं, 'सदर वॉर्डात गोड्या पाण्याची विहीर उपलब्ध आहे.'

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. विहीर होती, पाणी गोडं होतं, वॉर्ड तोच होता. ती कोणाची आणि कधी कुलपात असते, हे आणखी एका ओळीत लिहिता आलं असतं. माझ्या दौतीत शाई भरपूर होती. बापूंनी मला धमकी दिली नाही, नारळ दिले नाहीत, ते फक्त समोर बसले होते. माझ्यासारख्या माणसाला तेवढं पुरतं.

सभेत अर्ज आला तो हा अभिप्राय कपाळावर घेऊन. आमचे अध्यक्ष आबासाहेब, भुसार मालाचे व्यापारी, अत्यंत सज्जन माणूस. समोरच्याचं पटलं नाही तरी मान हलवायचे आणि पटलं तरी हलवायचे. त्यांनी विचारलं, पाणी आहे तर विहीर कशाला? त्यावर तात्या वकील उठले. तात्या वकिलांना विहिरीत रस नव्हता, पण बापूंच्या विरोधात जायचं म्हणून त्यांनी विहीर हवीच असा जोरदार आग्रह धरला. मग बापूंनी नवा पवित्रा घेतला. ते म्हणाले, विहिरीला माझा कधीच विरोध नव्हता, प्रश्न फक्त जागेचा आहे. हे ऐकून माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या लक्षात आलं की आता विहीर होत नाही. विरोध करणाऱ्याचा विरोध कधीतरी संपतो, पण जागेचा प्रश्न कधी संपत नाही.

बापूंना ती त्यांच्या बागेच्या गडग्याला, दगडी कुंपणाला, लागून हवी होती, म्हणजे वापरातलं पाणी पुन्हा त्यांच्या माडांना गेलं असतं. तात्या वकिलांना ती त्यांच्या अशिलाच्या पडीक जमिनीत हवी होती, म्हणजे जमिनीला किंमत आली असती. आबासाहेबांना ती रस्त्याच्या कडेला हवी होती, कारण तिथून जाणाऱ्या येणाऱ्याला अध्यक्षांच्या नावाची पाटी दिसली असती. वाडीतल्या बायकांना ती कुठे हवी हे विचारण्याची पद्धत नव्हती. एक पावसाळ्याआधी आणि दोन बोट पुन्हा सुरू झाल्यावर, अशा तीन सभा या तीन जागांवर गेल्या. तिन्ही वेळा भोंगा वाजला.

तोवर दसरा होऊन गेला होता. मथुरा दर चार दिवसांनी माझ्या दारी मासे द्यायला आली की विचारायची, आणि मी सांगायचो, विषय चालू आहे. विषय खरोखरच चालू होता. ती बिचारी दोन बांगडे जास्त घालायची.

अखेर आबासाहेबांना एक कल्पना सुचली. माणसांत एकमत होत नाही, तर देवाला विचारावं. आमच्याकडे कौल लावायची पद्धत आहे. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गावकर देवापुढे प्रश्न मांडतो, उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नाला, शेताला, भांडणाला, गाय हरवली तर तिलाही कौल. पण नगरपालिकेच्या ठरावाला कौल ही गोष्ट माझ्या नोकरीत पहिलीच. सगळे सभासद एकमतानं तयार झाले. देवाच्या नावावर टाकलं की पुढच्या निवडणुकीत उत्तर द्यायला लागत नाही, हे त्यांच्या तत्काळ लक्षात आलं.

तर एका सोमवारी दुपारी आमची नगरपालिका देवळात भरली. मी प्रोसीडिंगची वही घेऊन खांबाला टेकून बसलो. खाजणवाडीतल्या बायका बाहेर चौकात होत्या. मथुरा सगळ्यांत पुढे उभी होती. गावकरानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या मुन्शिपालटीचा बावीचा काम आसा. तेच्यात कोणाचा काय आडवां येत आसात, तर ता दूर कर रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." कोणाचं काय आडवं येतंय हे देवळात सगळ्यांनाच माहीत होतं. बापू खोतांनी सगळ्यांत मोठ्यानं 'व्हय म्हाराजा' म्हटलं.

तीन जागा एकामागून एक विचारल्या. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा विचारल्या. तासभर गेला. गुरवानं मागं वळून सांगितलं, "देव इचार करता हा."

आम्हाला ते समजण्यासारखं होतं. तेवढ्यात बंदरात भोंगा वाजला. आबासाहेब हळूच उठले, त्यांच्यामागून तात्या वकील, आणि बघता बघता देवाचा कोरम मोडला. पाकळी त्यानंतर पडली म्हणतात, आणि उजवीच पडली. पण कोणत्या जागेचा प्रश्न त्या वेळी चालू होता हे गुरवाला आठवेना, आणि सभा तहकूब झाल्यावर आलेला निर्णय ग्राह्य धरता येत नाही. मी तसं लिहून ठेवलं. पुढे ऑडिटरनं शेरा मारला की श्री देव यांचं मत कोणत्या नियमान्वये मागवण्यात आलं? मी 'तज्ज्ञ म्हणून' असं उत्तर पाठवलं. ते मान्य झालं, हे माझ्या नोकरीतलं एक यश मी समजतो.

तुळशीचं लग्न झालं. देवबागचा तांडेल शब्दाला जागणारा. त्यानं आणखी पंधरा दिवस वाट पाहिली. मग मुलगी जामसंड्याला दिली, एका दुकानदाराच्या घरात. लग्नाला मथुरेला बोलावणं आलं होतं आणि ती गेलीही. परत आल्यावर माझ्या ओटीवर बसून तिनं लग्नाचा सगळा थाट सांगितला. जामसंड्याच्या त्या घराच्या मागच्या दारी विहीर आहे, आणि तिला रहाट आहे, हेही सांगितलं. सदाबद्दल काही बोलली नाही. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटते आहे हे तिला कळू नये म्हणून मी बांगड्याच्या भावात घासाघीस केली.

विषय मात्र मेला नाही. नगरपालिकेत विषय मरत नाहीत, नुसते पडून राहतात. दीड वर्षानं एक उपमंत्री आमच्या भागाच्या दौऱ्यावर येणार असल्याची बातमी आली. तो श्रमदानाचा काळ होता. मोठ्या माणसानं कुदळ मारायची, लहान माणसांनी घमेली उचलायची, आणि देश उभा करायचा. उपमंत्र्यांच्या हस्ते श्रमदान व्हायचं तर काहीतरी खणायला पाहिजे. चीफ ऑफिसरनं मला विचारलं की खणण्याजोगं काही पडून आहे का? मी फाईल काढून दिली.

जागेचा प्रश्न अर्थातच उभा राहिला. तीन जागांवर पुन्हा तीन पुढारी. ज्या प्रश्नानं नगरपालिकेला दोन वर्षं घाम फोडला आणि देवालाही विचारात पाडलं, तो प्रश्न आमच्या गावच्या फोटोग्राफरनं पाच मिनिटांत सोडवला. तो म्हणाला, या तिन्ही जागी सूर्य समोर येतो, साहेबांचे डोळे मिटलेले येतील. खाडीकडच्या उंचवट्यावर, त्या तीन माडांजवळ, उजेड चांगला आहे आणि जीप तिथपर्यंत जाते. तिघांनीही माना डोलावल्या. विहीर तिथे ठरली.

उपमंत्री आले. कोऱ्या कुदळी आणल्या होत्या, त्यांच्या दांड्यांना फुलांच्या माळा. साहेबांनी तीन घाव घातले. पहिल्यात फोटोग्राफर चुकला म्हणून चौथा घातला. मग आबासाहेबांनी, तात्या वकिलांनी आणि बापू खोतांनी आपापल्या परीनं देश उभा केला. बापूंचा गुडघा त्या दिवशी दुखला नाही. सुमारे कमरेएवढा खड्डा झाला, बहुतेक वाडीतल्या लोकांनीच केला, आणि भाषणं होऊन जीप निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी ठराव लिहिला: 'मा. उपमंत्रीसाहेब यांच्या शुभहस्ते विहिरीच्या कामाचा प्रारंभ झाल्याबद्दल ही सभा कृतज्ञता व्यक्त करीत आहे.' कोऱ्या कुदळी कोठीत जमा झाल्या. तो खड्डा तसाच राहिला.

आठवड्याभरानं ऑफिसला जाताना पाहतो तर वाडीतली माणसं खड्ड्यात उतरलेली. सकाळची भरती ओसरेपर्यंत पुरुष खणायचे, मग होड्या काढायचे, आणि दिवसभर बायका वाळू उपसायच्या. सदा सगळ्यांत खाली. वर मथुरा, पदर खोचून, दोर धरून. मी थांबलो आणि न विचारण्यासारखं विचारून गेलो. म्हटलं, वयनी, आता कशासाठी?

"माझो ऱ्हवलो," ती म्हणाली. "वाडीत आणखी सात झील आसत." झील म्हणजे मुलगे, लग्नाला आलेले.

तळाची वाळू ढासळू लागली तेव्हा बांधायला चिरे हवेत, असं झालं. मासळी बाजाराच्या ओट्यासाठी नगरपालिकेनं आणलेले चिरे खाडीच्या वाटेवर कित्येक वर्षं पडलेले होते. त्यांच्यावर गवत उगवून वाळून पुन्हा उगवलं होतं. मथुरेनं मला विचारलं, हे घेतले तर काय होईल? मी तिला म्हटलं, मला विचारू नका, आणि मला विचारलंत हेही कोणाला सांगू नका. चार दिवसांत चिरे नाहीसे झाले आणि विहिरीला सुंदर गोल तोंड आलं. चौदा हातांवर पाणी लागलं. शेजारी खाडी, आणि पाणी नारळासारखं गोडं. त्या उंचवट्याच्या वाळूत पावसाचं पाणी साठून राहत असणार, असं जाणते लोक मागाहून सांगू लागले. आधी कोणी सांगितलं नव्हतं.

आणि आता नगरपालिकेला जाग आली. वैशाखात बेड्याला कुलूप लावूनही कोणी गयावया करायला आलं नाही, तेव्हा बापू खोतांनी सभेत नियम वाचून दाखवला. नगरपालिकेच्या जागेत परवानगीशिवाय विहीर, त्यात नगरपालिकेचे चिरे. अनधिकृत बांधकाम. पंधरा दिवसांत बुजवावी. आबासाहेबांनी मान हलवली. तात्या वकिलांच्या अशिलाची पडीक जमीन पडीकच राहिली होती, त्यामुळे तेही पहिल्यांदाच बापूंशी सहमत झाले. नोटीस मी लिहिली. माझ्याच अक्षरात.

शिपाई नोटीस देऊन आला त्याच दुपारी मथुरा ऑफिसात आली. तिनं यापूर्वी ऑफिसची पायरी चढली नव्हती. कागद माझ्या टेबलावर ठेवून वाचून दाखवा म्हणाली. मी वाचला.  तिनं कागद माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाली, "तर मगे आमकाय तेच्यात घाला आणि बुजवा." आणि निघून गेली. आवाज अजिबात चढवला नाही, आणि म्हणूनच मला ती तसं करील याची खात्री वाटली.

नोटिशीवर कायम निर्णय व्हायला पुढची सभा ठरलेली होती. त्याच्या आदल्या दिवशी मी आबासाहेबांच्या दुकानात गेलो. तांदळाच्या पोत्यावर बसून मी सहज बोलल्यासारखं म्हटलं, विहीर बुजवायला हरकत नाही, फक्त ती उपमंत्रीसाहेबांनी सुरू केली आहे, तसा आपला ठरावच आहे. ती अनधिकृत ठरली तर साहेबांनी अनधिकृत काम सुरू केलं असं होईल. साहेबांचा फोटो तर वर्तमानपत्रात आलाय. आबासाहेबांची मान हलायची थांबली. गेल्या दहा वर्षांत मी ती प्रथमच स्थिर पाहिली. त्यांनी विचारलं, मग काय करावं? मी म्हटलं, सरकारला विचारावं.

सभेत ठराव झाला. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम ठराव मी त्या दिवशी लिहिला, असं आजही म्हणतो. 'सदर विहिरीचा प्रारंभ मा. उपमंत्रीसाहेब यांच्या शुभहस्ते झाला असल्याने ती अनधिकृत ठरवावी किंवा कसे याबाबत शासनाचे मार्गदर्शन मागवावे, व ते प्राप्त होईपर्यंत विहीर आहे तशीच ठेवावी.' शासनाला गेलेलं पत्र मी असं लिहिलं की कोणत्या खात्यानं उत्तर द्यायचं हे कोणालाच कळू नये: थोडं महसूल, थोडं आरोग्य, थोडं बांधकाम आणि शेवटी थोडं शिष्टाचार. मार्गदर्शन अजून आलेलं नाही. मी निवृत्त झालो, आबासाहेब गेले, बापू खोत गेले, जिल्हा बदलला. ती विहीर आजही कायद्यानं विचाराधीन आहे आणि खाजणवाडी तिचं पाणी पिते आहे. बापूंनी त्या सभेत रागानं पाहिलं होतं माझ्याकडे, आणि नवल म्हणजे त्यानं मला काहीही झालं नाही.

ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम विहिरीवर गेलो. चार बायका पाणी भरत होत्या. सदा तिथे नव्हता; नुकताच गलबतावर खलाशी म्हणून गेला होता, पुढे वर्षात दोनदाच यायचा. मथुरेनं मला पाहून कळशी खाली ठेवली. मी तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी रंगवून: ठराव कसा सुचला, आबासाहेबांची मान कशी थांबली, कागदावर कोणता शब्द कुठे टाकला, आणि आता ही विहीर कोणी बुजवू शकत नाही, माझ्या दोन ओळींनी तिला कवच घातलंय. मी फार खुशीत होतो. ती शाबासकी देईल, निदान दोन बांगडे तरी, असं मला वाटत होतं.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. 

"म्हंजे तुमी लिवल्यात तसांच झालां," ती म्हणाली.

मी होय म्हटलं.

"मगे तेवा कित्याक नाय लिवल्यात?"

पहिल्या अर्जाच्या वेळी का नाही लिहिलं, हे चिडून विचारलं नाही तिनं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. कोणत्याही अर्जाला उत्तर लिहिणारा माणूस म्हणून माझी गावात ख्याती होती, आणि त्या काठावर मी तिची कळशी उचलून द्यायला वाकलो.  ती तिनं स्वतःच उचलून डोक्यावर घेतली आणि घरी गेली.